दूरच्या गावची जुनी ट्रॉली: सांगितलेली किंमत आणि दारात पडणारी किंमत

ऊस वाहतुकीसाठी जुनी ट्रॉली घ्यायची ठरली की पहिला शोध आता मोबाइलवरच होतो, आणि तेथे कऱ्हाड तालुक्यातल्या शेतकऱ्याला लातूर, परभणी, यवतमाळ किंवा सीमेपलीकडच्या चिकोडीकडची ट्रॉली आपल्या भागातल्या भावापेक्षा चाळीस-पन्नास हजारांनी स्वस्त दिसते. हा फरक पुष्कळदा खरा असतो. ऊसपट्ट्यात ट्रॉलीला मागणी दाट आहे, म्हणून जुन्या ट्रॉलीचा भावही चढा राहतो. सोयाबीन, तूर किंवा कापूस वाहणाऱ्या भागात तीच वस्तू वर्षातले पुष्कळ महिने उभी असते आणि मालक थोडक्यात सोडायला तयार होतो. तरीही खरेदीदाराने दोन ट्रॉल्यांच्या सांगितलेल्या किमती समोरासमोर ठेवणे ही तुलना नव्हे. समोरासमोर ठेवायची ती ट्रॉली आपल्या दारात, आपल्या नावावर आणि साखर कारखान्याच्या ऊस वाहतूक करारास पात्र अशी उभी राहीपर्यंत झालेली एकूण रक्कम. या लेखात जवळची जुनी, दूरची जुनी आणि जवळच्या ट्रॉली बांधणाऱ्याकडून बांधून घेतलेली नवी अशा तीन पर्यायांचा त्या अंगाने विचार केला आहे. भर अर्थातच दूरच्या जुन्या ट्रॉलीवर आहे, कारण न दिसणारे खर्च तिच्यातच सर्वाधिक दडलेले असतात.

एका ट्रॉलीचा हिशेब

उदाहरणासाठी कऱ्हाडजवळचा खरेदीदार आणि लातूरजवळचा विक्रेता धरू. पंढरपूर-बार्शी मार्गाने हे अंतर तीनशे किलोमीटरहून थोडे अधिक भरते. हिशेबाला ३२० धरले आहे. पुढील सर्व आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी गृहीत धरलेले आहेत, ते बाजारभाव म्हणून वापरू नयेत. प्रत्येकाने आपल्या भागातले दर विचारून त्या जागी घालावेत.

| बाब | जवळची जुनी (रु.) | दूरची जुनी (रु.) |
|---|---|---|
| ठरलेली किंमत | १,८०,००० | १,३०,००० |
| पाहणीची फेरी | १,००० | ८,००० |
| आणण्याचा खर्च | ५०० | २४,००० |
| हायड्रा क्रेनने चढवणे-उतरवणे | ० | ५,००० |
| नावावर करणे, विमा | ४,००० | ६,००० |
| टायर, बेअरिंग, वेल्डिंग | १२,००० | २५,००० |
| एकूण | १,९७,५०० | १,९८,००० |

पन्नास हजारांचा फरक वाटेतच संपला. आकडे मुद्दाम जुळवले आहेत हे खरे, पण ते अवास्तव नाहीत, आणि त्यांतल्या दोन बाबी स्वतंत्र खुलासा मागतात.

पहिली बाब पाहणीच्या फेरीची. जाऊन-येऊन साडेसहाशे किलोमीटरचे गाडीचे इंधन, टोल, जेवणखाण आणि सोबत नेलेल्या वेल्डर किंवा मिस्त्रीची दिवसाची मजुरी एवढे धरले तर आठ हजार होतात. मात्र हा एका फेरीचा खर्च आहे, एका खरेदीचा नव्हे. छायाचित्रात चांगली दिसलेली ट्रॉली प्रत्यक्षात नापसंत पडण्याची शक्यता निम्मी धरली, तर एका यशस्वी खरेदीमागे सरासरी दोन फेऱ्या पडतात आणि ही बाब सोळा हजारांवर जाते. मग दूरची ट्रॉली २,०६,००० रुपयांना पडते, म्हणजे जवळच्या ट्रॉलीपेक्षा साडेआठ हजारांनी महाग. याहून मोठा तोटा आकड्यात मांडता येत नाही. तीनशे किलोमीटर जाऊन, मिस्त्रीची मजुरी देऊन, दिवस घालवून रिकाम्या हाताने परतणे जिवावर येते, आणि चॅसीला (खालच्या सांगाड्याला) भेग दिसत असूनही "एवढे आलोच आहोत तर" म्हणून सौदा होतो. विक्रेत्यालाही हे पक्के ठाऊक असते. जवळच्या ट्रॉलीवर खरेदीदार तीन वेळा जाऊन तीन वेळा नाही म्हणू शकतो. दूरच्या ट्रॉलीवर त्याची घासाघीस करण्याची ताकद गावात पाऊल ठेवण्यापूर्वीच निम्मी झालेली असते.

यावरचा उपाय जुनाच आणि जवळजवळ फुकट आहे. त्या भागात पाहुणे असतील तर आधी त्यांना पाठवावे, आणि ते नसतील तर तिथल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला पाचशे-हजार रुपये देऊन व्हिडिओ कॉलवर ट्रॉलीच्या खाली शिरायला सांगावे. स्वतःची फेरी त्यानंतरच करावी. एवढ्याने निष्फळ फेऱ्या बऱ्याच टळतात.

दुसरी बाब आणण्याची. मालमोटारीचे भाडे जाण्या-येण्याच्या दोन्ही बाजूंचे धरले जाते, म्हणून ३२० किलोमीटरसाठी प्रत्यक्षात ६४० किलोमीटर मोजावे लागतात. कऱ्हाड-कोल्हापूरकडे माल घ्यायला रिकामी येणारी किंवा परतीचा माल न मिळालेली गाडी सापडली तर हाच खर्च चौदा-पंधरा हजारांत बसू शकतो आणि सगळे गणित दूरच्या ट्रॉलीच्या बाजूने झुकते. परंतु परतीची गाडी तिच्या वेळेने मिळते, आपल्या नव्हे. त्यासाठी विक्रेत्याने ट्रॉली आठ-पंधरा दिवस आपल्या आवारात ठेवायला हवी आणि त्या काळात तिचे टायर बदलले जाणार नाहीत याची खात्री असायला हवी. टायरची अदलाबदल ही या व्यवहारातली सर्वांत सोपी लबाडी आहे. पाहणीच्या दिवशी चारही टायरवरचे क्रमांक टिपून, छायाचित्र काढून ठेवावे.

स्वतःच्या ट्रॅक्टरने ओढून आणावी का

ट्रॅक्टर घरचाच आहे, मग मालमोटार कशाला, हा विचार स्वाभाविक आहे. ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने ३२० किलोमीटरला एका बाजूने सोळा तास लागतात. म्हणजे जायला दोन दिवस आणि यायला दोन दिवस. तासाला पाच लिटर डिझेल आणि लिटरला नव्वद रुपये धरले तर जाऊन-येऊन १६० लिटरचे १४,४०० रुपये होतात. चालकाची चार दिवसांची मजुरी आणि खाण्याराहण्याचा खर्च मिळवला की वीस हजारांच्या आसपास रक्कम जाते. हायड्रा लागत नाही, त्यामुळे मालमोटारीच्या तुलनेत नऊ-दहा हजार वाचतात.

ही बचत मला फारशी मोहात पाडत नाही. गावात शेत ते कारखाना असे काही किलोमीटर चाललेली ट्रॉली सलग दोन दिवस डांबरी रस्त्यावर ओढली की जुन्या बेअरिंगची खरी अवस्था बाहेर येते, आणि ती बाहेर येते ती बार्शीच्या अलीकडे कुठेतरी, आपल्या मिस्त्रीपासून दीडशे किलोमीटर दूर. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, हेही लक्षात घ्यावे लागते. त्यात ट्रॉलीचा विमा संपलेला असेल तर तो संपूर्ण प्रवास विम्याविना होतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९६ नुसार त्यासाठी पहिल्या वेळी दोन हजारांचा दंड, तीन महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची रक्कम परवडेलही, परंतु वाटेत कोणाला इजा झाली तर येणारी भरपाईची जबाबदारी एखाद्या एकराच्या किमतीएवढी असू शकते. ओढूनच आणायची असेल तर विमा आधी उतरवावा, चारही हब उघडून ग्रीस भरून घ्यावे, मागे परावर्तक पट्ट्या लावाव्यात आणि अंधार पडल्यावर चालवू नये.

कागद: किलोमीटरपेक्षा आरटीओचे अंतर मोठे

ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरची शेपटी, तिला वेगळे कागद कशाला, असा समज खेडोपाडी अजून आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी वेगळी होते, त्याला स्वतःचा क्रमांक मिळतो आणि विमाही लागतो. तरीसुद्धा गावच्या वर्कशॉपमध्ये बांधलेल्या, बिल नसलेल्या आणि कधीच पासिंग (आरटीओ नोंदणी) न झालेल्या ट्रॉल्या सर्रास विकल्या जातात. दूरच्या जाहिरातीत भाव फारच कमी दिसला तर पहिला प्रश्न पासिंगचाच विचारावा. बिनपासिंगची ट्रॉली घरच्या शेतात शेणखत टाकायला वापरणारा मनुष्य तिला स्वस्त म्हणू शकेल. ऊस वाहतुकीचा करार करणाऱ्याला ती कोणत्याही भावात महागच, कारण करारासाठी ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचेही आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) आणि विमा मागितला जातो. नोंदणी नसलेले वाहन रस्त्यावर आणल्यास कलम १९२ नुसार पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड आहे, तो वेगळाच.

नोंदणी असली तरी ती कोणाच्या नावावर आहे हे पाहावे. ट्रॉली दोन-तीन हात फिरलेली असते आणि आरसी मात्र पहिल्या मालकाच्याच नावावर राहिलेले असते, हा प्रकार इतका सर्वसाधारण आहे की विक्रेत्याला त्यात काही गैर वाटतही नाही. हस्तांतराच्या कायद्यात विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेरच्या नोंदणीसाठी ४५ दिवसांत कळवावे, तर खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करावा, असे सांगितले आहे. त्यासाठीचे नमुने २९ आणि ३० यांवर सह्या लागतात त्या आरसीवरच्या मालकाच्या, आपल्याला ट्रॉली दाखवणाऱ्याच्या नव्हेत. ऑनलाइन अर्जाच्या वेळी मालकाच्या मोबाइलवर येणारा ओटीपीही हवा असतो. जवळच्या गावातला मालक असेल तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसता येते. लातूरजवळच्या मालकाने फोन उचलणे बंद केले तर सव्वा लाख देऊन घेतलेली वस्तू कागदावर दुसऱ्याचीच राहते, आणि तो मालक हयात नसेल तर वारसांच्या कागदांपर्यंत प्रकरण जाते.

आरसीवर बँकेचा किंवा वित्त कंपनीचा बोजा आहे का, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर क्रमांक टाकून घरबसल्या कळते. बोजा असेल तर संस्थेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ हातात पडल्याशिवाय इसार देऊ नये. "कर्ज फिटले आहे, फक्त नोंद राहिली आहे" हे वाक्य खरेही असू शकते. पण ती नोंद काढण्याचे काम विक्रेत्याचे आहे आणि ते सौद्याआधीचे आहे.

आता सीमेपलीकडची गोष्ट. निपाणी कोल्हापूरहून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे, म्हणून कागल किंवा कोल्हापूरच्या शेतकऱ्याला तिकडची ट्रॉली जवळची वाटते. आणण्याच्या खर्चापुरती ती जवळची आहेही. मात्र केए २३ (कर्नाटकातील चिकोडी) क्रमांकाची ट्रॉली एमएच ०९ (कोल्हापूर) मध्ये आणायची म्हणजे मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला, महाराष्ट्राचा लागू असेल तो कर आणि बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असल्याने कलम ४७ प्रमाणे नवीन नोंदणी क्रमांक, असा सगळा फेरा आला. त्या मानाने एमएच २४ ची लातूरकडची ट्रॉली आठपट दूर असूनही कागदाच्या दृष्टीने जवळ ठरते, कारण क्रमांक तोच राहतो आणि काम नाव व पत्ता बदलण्यावर भागते. दूर म्हणजे किती दूर, याचे मोजमाप करताना रस्त्याबरोबर ही सीमाही धरावी. सीमाभागातली सौदेबाजी नेहमीची असलेल्या, तिकडच्या आरटीओत कामे करून घेण्याचा सराव असलेल्या माणसाला ही अडचण लहान वाटेल; पहिल्यांदाच घेणाऱ्याने मात्र या एका कारणासाठी भावात निदान पंधरा-वीस हजारांची सवलत मागावी, असे माझे मत आहे.

एकच वस्तू आहे का?

दुरुस्तीच्या ओळीत दूरच्या ट्रॉलीसाठी दुप्पट रक्कम धरली आहे, त्याचे कारण केवळ संशय नाही. कापूस किंवा सोयाबीन वाहणारी ट्रॉली आणि ऊस वाहणारी ट्रॉली बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांचे हाड वेगळे असते. कापूस हलका आणि फुगीर, म्हणून विदर्भातल्या ट्रॉलीचे फाळके (बाजूच्या भिंती) उंच केलेले असतात, पण खालचे चॅनेल आणि एक्सल त्या मानाने बेताचे असू शकतात. ऊस वाहताना हौद्याच्या बाहेर डोकावणारी मोळ्यांची रास, शेतातून बाहेर निघताना लागणारा बांधाचा हिसका आणि एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्यांमुळे पुढच्या ट्रॉलीच्या मागच्या हुकावर येणारी ओढ, हे सगळे चॅसीने सोसायचे असते. मागच्या बाजूला दुसरी ट्रॉली जोडण्याचा मजबूत हूकच नसलेली ट्रॉली ऊसपट्ट्यात अर्धीच उपयोगी आहे. तो हूक नंतर वेल्डिंगने बसवता येतो, परंतु ज्या चॅनेलवर तो बसवायचा ते चॅनेलच त्या ओढीसाठी निवडलेले नसते.

उलट, दूरच्या ट्रॉलीच्या बाजूनेही एक मोठा मुद्दा आहे आणि तो पुष्कळ जण विसरतात. सोयाबीन-तूर वाहिलेल्या ट्रॉलीवर आयुष्यात पडलेले ओझे ऊसपट्ट्यातल्या त्याच वयाच्या ट्रॉलीपेक्षा कितीतरी कमी असते. आपल्याकडे पाच हंगाम रात्रंदिवस धावलेली, दर हंगामात क्षमतेबाहेर भरलेली आणि रंग मारून उभी केलेली ट्रॉली ओळखीच्या माणसाची आहे एवढ्यावर निर्धोक ठरत नाही. ओळखीचा फायदा एवढाच की ती किती धावली हे कळते.

पाहणीत कोठे नजर घालावी, हे मिस्त्री सांगेलच. तरी चार गोष्टी खरेदीदाराने स्वतः पाहाव्यात. पहिली, चॅसी क्रमांक. तो आरसीशी ताडून पाहावा आणि कागद ठेवून पेन्सिलने त्याचा ठसा घ्यावा; क्रमांकाची पट्टी अलीकडे वेल्ड केलेली दिसली तर सौदा तेथेच थांबवावा. दुसरी, टर्न टेबल (पुढची चाके वळवणारी फिरती चकती) आणि हुकाच्या मुळाशी असलेले वेल्डिंग. नव्या रंगाखाली जाड, ओबडधोबड शिवण दिसली तर तेथे भेग बुजवलेली असते. तिसरी, चाके. जॅक लावून चाक मोकळे फिरवावे आणि वर-खाली धरून हलवावे, म्हणजे बेअरिंगचा खेळ कळतो; टायरच्या बाजूवर चार अंकी क्रमांक असतो, त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, त्यामुळे २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातले टायर. नक्षी शाबूत असूनही सात-आठ वर्षांचे टायर ओझ्याखाली भरवशाचे नसते, आणि रिमोल्ड (जुन्या टायरवर नवे रबर चढवलेले) असेल तर त्याचे मूळ वय वरच्या नव्या रबरावरून मुळीच कळत नाही.

चौथी गोष्ट जरा वेगळी आहे, आणि दूरच्या सौद्यात मला ती सर्वांत उपयोगी वाटते: ट्रॉली जवळच्या वजनकाट्यावर घालावी. आरसीवर रिकाम्या वाहनाचे वजन लिहिलेले असते. काट्यावर त्याहून बरेच कमी भरले तर पत्रा गंजून गेला आहे किंवा जाड पत्र्याच्या जागी पातळ बसवला आहे. बरेच जास्त भरले तर ठिकठिकाणी पट्ट्या मारून मोडलेली चॅसी सावरली आहे. काट्याची पावती दुसऱ्या कामालाही येते. समजा ट्रॉली १,८०० किलो भरली आणि भंगाराचा दर किलोला ३० रुपये आहे, तर ५४,००० रुपये ही त्या लोखंडाची किंमत झाली. सांगितलेल्या १,३०,००० मधून ती वजा केली की उरलेले ७६,००० रुपये आपण टायर, एक्सल आणि उरलेल्या आयुष्यासाठी देत आहोत हे स्पष्ट होते, आणि घासाघीस कोणत्या रकमेवर करायची हे समजते.

जोडी घेतली तर

एक ट्रॉली आणण्याचे गणित बरोबरीत सुटले, पण ऊस वाहतुकीला बहुधा जोडी लागते, आणि जोडीचे गणित निराळे होते. जवळच्या दोन ट्रॉल्या वरच्याच दरांनी घेतल्या तर किंमत ३,६०,०००, पाहणी व आणणे मिळून २,०००, कागद ८,००० आणि दुरुस्ती २४,००० असे ३,९४,००० होतात. दूरच्या जोडीला किंमत २,६०,०००, पाहणीची तीच एक फेरी ८,०००, दोन्ही मावतील अशा लांब गाडीचे भाडे ३४,०००, हायड्रा ८,०००, कागद १२,००० आणि दुरुस्ती ५०,००० धरली तर ३,७२,००० होतात. येथे बावीस हजार खरोखर वाचतात.

कारण साधे आहे: अंतराचा खर्च वस्तूच्या किमतीवर अवलंबून नसतो. पन्नास हजारांची मोडकी ट्रॉली आणायला जेवढे भाडे लागते तेवढेच तीन लाखांची हायड्रॉलिक टिपिंग ट्रॉली आणायला लागते. म्हणून स्वस्तातली स्वस्त वस्तू दूरवरून आणणे हा सर्वांत वाईट सौदा, आणि चांगल्या अवस्थेतली भारी किमतीची वस्तू किंवा एकाच मालकाची जोडी दूरवरून आणणे हा त्यातल्या त्यात बरा. जाहिराती पाहताना बहुतेकांचे लक्ष नेमके उलट दिशेला जाते. एकाच मालकाच्या जोडीचा आणखी एक लाभ असा की हुकाची उंची आणि टायरची मापे जुळलेली असतात, त्यामुळे घरी आणल्यावर एक ट्रॉली पुढे झुकलेली आणि दुसरी मागे, असा प्रकार होत नाही.

नवी बांधून घेण्याचा पर्याय

जुन्या दोन ट्रॉल्यांची तुलना करताना नवीचा भाव विचारायचा राहून जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा स्वतः माल उतरवणाऱ्या शेती ट्रेलरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या नव्या किमतीवरून ठरवलेला जुन्या ट्रॉलीचा भाव आज कोणी सांगत असेल, तर तो थोडा उतरायला हवा.

समजा नवी ट्रॉली पासिंग-विम्यासह ३,०५,००० रुपयांना पडते, दहा हंगाम चालते आणि शेवटी ९०,००० देऊन जाते; तर हंगामाला २१,५०० रुपये झीज. दारात १,९८,००० ला पडलेली जुनी पाच हंगाम चालून ७०,००० ला गेली, तर हंगामाला २५,६०० रुपये. नवीसाठी लागणाऱ्या जादा १,०७,००० रुपयांचे ११ टक्के दराने पाच वर्षांचे कर्ज काढले तर व्याज साधारण साडेबत्तीस हजार होते, म्हणजे दहा हंगामांत वाटून हंगामाला सव्वातीन हजार. दोन्ही पर्याय जवळजवळ एकाच पातळीवर येतात. यात दरवर्षीची देखभाल धरलेली नाही, आणि ती धरली तर पारडे नवीकडे झुकेल. नवीला कर्ज सहज मिळते, जुनीला बहुधा रोख घालावी लागते. ज्याची रोकड कारखान्याच्या पहिल्या बिलापर्यंत अडलेली असते त्याच्यासाठी हा फरक भावाच्या फरकापेक्षा मोठा आहे. मात्र ज्याला एक-दोन हंगामच वाहतूक करून पाहायची आहे त्याने नवीच्या वाटेला जाऊ नये. त्याच्यासाठी जवळची जुनी उत्तम, कारण ती ज्या बाजारातून घेतली त्याच बाजारात परत विकता येते आणि गिऱ्हाइकाला तिचा इतिहास माहीत असतो.

कोणी काय निवडावे, आणि केव्हा

एकच ट्रॉली हवी असेल आणि भावातला फरक साठ हजारांच्या आत असेल, तर अडीचशे-तीनशे किलोमीटरवरून जुनी ट्रॉली आणू नये, असे वरच्या आकड्यांवरून माझे मत झाले आहे. फरक त्याहून मोठा असेल, जोडी मिळत असेल, आरसी विक्रेत्याच्याच नावावर व बोजाविरहित असेल आणि त्या भागातला विश्वासू माणूस आधी पाहून आला असेल, तर जावे. या चार अटींपैकी आरसीची अट सोडली तर बाकीच्यांत तडजोड चालेल.

पैसे देताना इसार पाच हजारांच्या वर देऊ नये आणि तोही ट्रॉली व मूळ आरसी डोळ्यांनी पाहिल्यावरच द्यावा. स्वतःला लष्करी जवान म्हणवून, बदली झाली म्हणून घाईने विकतो, असे सांगणारे आणि पाहणीपूर्वीच "गेटपास" किंवा वाहतुकीच्या नावाने पैसे मागणारे लोक जुन्या वाहनांच्या जाहिरातींत बरेच आहेत. तेथे भाव जितका कमी तितका फोन लवकर ठेवावा. उरलेली रक्कम बँकेतून, आरसीवरच्या मालकाच्या खात्यात, मुद्रांकावरच्या करारनाम्यावर आणि दोन्ही नमुन्यांवर सह्या झाल्यानंतर, ट्रॉली गाडीवर चढत असताना द्यावी. हस्तांतर पूर्ण होईपर्यंत दहा-पंधरा हजार राखून ठेवण्यास विक्रेता कबूल झाला तर ओटीपीसाठी फोन करण्याची वेळ आल्यावर तो उचलला जातो.

काळाचा विचार शेवटी राहिला तरी तो किमतीत सर्वांत जास्त फरक पाडतो. दसऱ्याच्या सुमारास, गाळप तोंडावर आलेले असताना, ऊसपट्ट्यात ट्रॉलीचा भाव चढलेला असतो आणि त्याच वेळी दूरची स्वस्त ट्रॉली सर्वाधिक मोहक दिसते. पण त्या वेळी दुरुस्तीला वेल्डर मोकळा नसतो, आरटीओत गर्दी असते आणि नाव बदलून येईपर्यंत करार हातचा जाऊ शकतो. हंगाम आटोपल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत, ऊसतोड टोळीला दिलेली उचल (आगाऊ रक्कम) बुडालेले किंवा हप्ते थकलेले वाहतूकदार आपल्याच तालुक्यात ट्रॉल्या विकायला काढतात आणि जवळचा भाव पुष्कळदा दूरच्या भावाच्या जवळपास येतो. त्या दिवसांत घेतलेल्या ट्रॉलीला पावसाळ्यात छप्पर लागते, नाहीतर हौद्यात पाणी साचून पत्रा खालून खातो. एवढी सोय असेल तर लातूरला फोन लावण्यापूर्वी कारखान्याच्या गाडीतळावर एक चक्कर मारून यावी.